गाडी उभी करायचा हक्क कोणी दिला?

सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी लावण्यावरून होणारी भांडणे महाराष्ट्राच्या शहरांत आता रोजची झाली आहेत. कोणी फाटक अडवले म्हणून टायरची हवा सोडतो, कोणी रिकामी जागा धरून ठेवायला कुंड्या, दगड नाहीतर मोडकी खुर्ची मांडतो, कोणी सरळ फूटपाथवर दोन चाके चढवून मोकळा होतो. प्रकरण कधी हमरीतुमरीवर येते, कधी पोलीस चौकीत जाते. अशा भांडणात दोन्ही बाजू एकमेकांचा प्रत्येक शब्द खोडून काढतात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत असते. घराजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी ठेवण्याचा हक्क कोणाचा तरी आहेच, असे दोघेही धरून चालतात. वाद असतो तो तुझा की माझा एवढाच. मागे जाऊन पाहिले तर हा हक्कच कुठे सापडत नाही. कोणत्याही कायद्याने तो दिलेला नाही, उलट दीडशेहून अधिक वर्षे कायदा तो नाकारत आला आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तो वहिवाटीने तयार झाला. ही वहिवाट पडत असताना ज्यांच्या पायाखालची जागा गेली, त्या चालणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही. म्हणून या भांडणाचा निवाडा करायचा तर आधी ही वहिवाट कशी पडली ते पाहायला हवे.

रस्ता येण्याजाण्यासाठी असतो, थांबून राहण्यासाठी नसतो, हे तत्त्व मोटारगाडीपेक्षा जुने आहे. लंडनच्या भर रस्त्यात प्रवाशांची वाट पाहत घोडागाड्या उभ्या ठेवणाऱ्याविरुद्ध १८१२ मध्ये खटला झाला. राजमार्गाची कोणाला आपली पागा करता येणार नाही, असा निर्वाळा लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांनी त्यात दिला. इंग्रजी कायद्यातले हेच तत्त्व पुढे आपल्याकडे आले. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ने सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हा २०० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरवला. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने रस्त्यांवरचे अडथळे दूर करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले, रस्त्यात वस्तू ठेवायला मनाई केली आणि कलम ३१४खाली काही बाबतींत पूर्वसूचना न देता त्या उचलण्याचा अधिकार आयुक्तांना दिला. स्वातंत्र्यानंतरही भूमिका बदलली नाही. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम १०२ तर अगदी स्पष्ट आहे. माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा माणसे घेण्या-सोडण्यासाठी लागेल तेवढाच वेळ गाडीने रस्त्यात थांबावे, त्याहून जास्त थांबून अडथळा करू नये आणि रस्त्याच्या कोणत्याही भागाचा गाड्यांचा किंवा गुरांचा तळ करू नये, असे ते सांगते. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्हिक्टोरिया होत्या, खटारे होते, हातगाड्या होत्या आणि मोटारीही होत्याच. मोटारीला त्यांनी वेगळी सवलत दिली नाही. १९८९च्या रस्ता नियमांनी फूटपाथवर, चौकाजवळ, बसथांब्यापाशी आणि दुसऱ्याच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला मनाई केली. म्हणजे आज ज्या चार-पाच गोष्टींवरून गल्लोगल्ली भांडणे पेटतात, त्यांचा निकाल कायद्याने केव्हाच लावून ठेवला आहे.

हा सगळा कायदा कागदावरच होता असे कोणी म्हणेल, तर मुंबईच्या बांधणीकडे पाहावे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, रुंद झाला. १८९६ साली या रस्त्यासाठी खास नियम झाले. त्यांनुसार रस्त्यालगतच्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींची ओळ सोडणे भाग पडले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून फ्लोरा फाउंटनकडे जाताना भरपावसातही डोक्यावर छप्पर मिळते ते याच नियमामुळे. दुकान कोणाचेही असो, त्याच्या पुढ्यातली सावली चालणाऱ्याची. त्याच वर्षी शहरात प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांमधून समुद्राचा वारा खेळावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत आजही जो रुंद, झाडांच्या सावलीतला फूटपाथ दिसतो, तो या आखणीचा वारसा आहे. ट्रस्टने अनेक गरिबांची घरे पाडली, त्यांना धड पर्यायी निवारा दिला नाही, हा आरोप खरा आहे आणि तो विसरू नये. पण रस्ता आखताना चालणाऱ्याची पट्टी आधी आखायची, ही शिस्त त्या काळात होती. खासगी इमारत सार्वजनिक पायवाटेला जागा देत होती. पुढच्या शंभर वर्षांत या देण्याघेण्याची दिशा पूर्ण उलटली.

ती उलटली कशी, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणा एकाचा कट नव्हता. स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे गाडी ही दुर्मिळ वस्तू होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट मिळवायला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, बजाजच्या स्कूटरसाठीही लांबलचक प्रतीक्षायादी असे. अशा काळात इमारतीखाली एखाद-दुसरी गाडी रस्त्याकडेला उभी राहिली तर तिचा कोणाला त्रास नव्हता. उलट वस्तीला तिचे कौतुक होते. पोलिसानेही दुर्लक्ष केले आणि तेव्हा ते समजण्यासारखे होते. पण दुर्लक्षाची सवय झाली आणि सवयीचा रिवाज. ३१ मार्च १९६४ला मुंबईची शेवटची ट्राम धावली. रुळांनी धरलेली रस्त्यामधली पट्टी मोकळी झाली आणि ती मोटारींकडे गेली. १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, १९९१नंतर कर्ज काढून गाडी घेणे सोपे झाले आणि पूर्वी गल्लीत एक गाडी असायची तिथे दारागणिक एक झाली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात तर २०१८च्या सुमारास नोंदलेल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेला. एका गाडीकडे केलेली डोळेझाक शंभर गाड्यांनाही लागू झाली. कोणत्याही सभागृहाने असा ठराव केला नव्हता, कोणत्याही न्यायालयाने असा निकाल दिला नव्हता. दंडाचे आकडेच या डोळेझाकीची साक्ष देतात. १८६० साली २०० रुपये ही मोठी रक्कम होती; दंड संहितेतला तो आकडा भारतीय न्याय संहिता जुलै २०२४ मध्ये लागू होईपर्यंत तसाच राहिला. मोटार वाहन कायद्यात चुकीच्या पार्किंगला लागू होणारा पहिल्या गुन्ह्याचा सर्वसाधारण दंड १९८८ पासून तीन दशके १०० रुपये होता. ज्या शहरात चांगल्या हॉटेलातला नाश्ता त्याहून महाग पडू लागला, तिथे हा दंड कोणाला थांबवणार?

इमारतींच्या कायद्यांनी या सवयीला आणखी बळ दिले. १९६३चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा झाला तेव्हा बिल्डर आणि घर घेणारा यांच्यातल्या व्यवहाराची पुष्कळ बारकाईने तरतूद झाली, पण गाडी कुठे राहणार हा प्रश्न तेव्हा फारसा कोणापुढे नव्हता. पुढे बिल्डर तळमजल्याच्या खांबांमधली जागा वेगळी विकू लागले. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ही विक्री बेकायदा ठरवली. स्टिल्टखालची जागा ही सोसायटीच्या सामायिक मालमत्तेचा भाग आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, असा तो निकाल. तोपर्यंत हजारो कुटुंबांनी जागेचे पैसे मोजले होते, आणि ज्यांनी मोजले नाहीत त्यांची गाडी फाटकाबाहेर आली. दुसरीकडे विकास नियंत्रण नियमावलीने पार्किंगचे मजले एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याच्या, हिशेबातून वगळले. घराचा प्रत्येक चौरस फूट मोजला जाई, गाडीचा मोजला जात नसे. त्याही पुढे जाऊन मुंबईच्या नियमावलीत ३३(१८) हे कलम आले: बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यावा आणि बदल्यात जास्तीचा एफएसआय घ्यावा. १८९६ मध्ये इमारतीने चालणाऱ्याला जागा द्यायची होती. एकविसाव्या शतकात गाडीला जागा दिली म्हणून शहराने इमारतीला बक्षीस दिले. १९९१च्या नियमावलीत एका मोटारीसाठी धरलेली जागा अडीच मीटर गुणिले साडेपाच मीटर होती, म्हणजे सुमारे १४८ चौरस फूट. १९२०च्या दशकात गिरणगावात उठलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ज्या खोलीत गिरणी कामगाराच्या तीन पिढ्या वाढल्या, जवळजवळ तेवढीच जागा एका गाडीला लागते, आणि रस्त्यावर ती फुकट मिळते.

फूटपाथवर मुक्काम करणाऱ्या माणसांचे काय झाले, याच्याशी याची तुलना केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या मोडल्या गेल्या, माणसांना बसमध्ये भरले गेले. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, असे त्यात म्हटले म्हणून तो निकाल जगभर गाजला. पण त्याची दुसरी बाजूही तेवढीच ठाम होती: फूटपाथ ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे आणि कोणालाही खासगी कामासाठी ती अडवण्याचा हक्क नाही. घर नसलेल्या माणसाला हे तत्त्व लागू झाले आणि पावसाळा सरल्यावर त्याला उठावे लागले. त्याच तत्त्वाने त्याच फूटपाथवरची गाडीही उठायला हवी होती. ती उठली नाही. फेरीवाल्यांना तर हक्कासाठी दशकानुदशके लढावे लागले. अखेर २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला आणि त्यानंतरही त्यांना सर्वेक्षण, प्रमाणपत्र, ठरलेले क्षेत्र या सगळ्यांतून जावे लागते. रस्त्यावरची जागा वापरणाऱ्या साऱ्यांमध्ये गाडीवाला हा एकटाच असा की ज्याने अर्ज केला नाही, भाडे दिले नाही, कोणत्या समितीपुढे उभा राहिला नाही, आणि तरी जागा त्याची झाली. मला या इतिहासातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते. ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याच्याकडून सर्वांत जास्त कागद मागितले गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने विनाअडथळा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि राज्यांना चालणाऱ्यांसाठी धोरण करायला सांगितले. पहिल्या निकालापासून दुसऱ्यापर्यंत चाळीस वर्षे गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आम्ही रोड टॅक्स भरतो. आक्षेप प्रामाणिक आहे, पण हिशेब चुकीचा आहे. मोटार वाहन कर १९५८च्या कायद्याखाली राज्य सरकार घेते, गाडी वापरात ठेवण्याबद्दल घेते. गल्लीतला रस्ता आणि त्याचा फूटपाथ महापालिका सांभाळते, आणि तो खर्च मुख्यतः मालमत्ता करातून आणि पूर्वी जकातीतून भागे. २०१७ मध्ये मुंबईची जकात गेल्यावर तिच्या जागी नुकसानभरपाई आली. जकात तांदळावर होती, साबणावर होती, लुगड्यावर होती. म्हणजे ज्या फूटपाथवर गाडी चढते, त्याच्या फरशीचे पैसे गाडी नसलेल्या घरानेही भरले आहेत. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या पाच घरांकडेही मोटार नव्हती. मुंबई-पुण्यात हे प्रमाण अर्थातच जास्त आहे, पण या शहरांतही बहुसंख्य घरे मोटारीविना आहेत. शिवाय कर भरल्याने वापराचा हक्क मिळतो, कब्जाचा नाही. पाणीपट्टी भरणाऱ्याला धरणात विहीर खणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गिरगावातल्या चाळीला, शनिवार पेठेतल्या वाड्याला, गावठाणातल्या घराला गाडीची जागा कधी नव्हतीच. भाडे नियंत्रणामुळे इमारती आहेत तशा राहिल्या, कुटुंबे वाढली, कामाची ठिकाणे दूर गेली आणि बस पुरेशा वाढल्या नाहीत. अशा घरातल्या माणसाने गाडी घेतली तर तो काही चैन करत नाही. त्याने ती कुठे ठेवायची? हा प्रश्न टाळून कोणतेही धोरण उभे राहणार नाही. पण त्याचे उत्तर वेळेवर शोधता येत होते, याचा पुरावा जपानमध्ये आहे. तिथल्या शहरांत गल्ल्या आपल्या पेठांइतक्याच अरुंद. १९६२ मध्ये, म्हणजे सर्वसामान्य जपानी घराकडे मोटार पोचण्याआधीच, त्यांनी कायदा केला: गाडीची नोंदणी करायची तर घराजवळ तिची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणायचा. सुरुवातीला ही जागा ५०० मीटरच्या आत लागे, पुढे ही मर्यादा २ किलोमीटर झाली. रात्रभर रस्त्यावर गाडी सोडायला बंदी झाली. लोकांनी परसात जागा केली, जवळचा तुकडा मासिक भाड्याने घेतला, लहान गाड्या घेतल्या. जागेची किंमत गाडी घेण्याआधी समोर आली, म्हणून गाडी घ्यायची की नाही हा निर्णय घरात झाला, शेजाऱ्याच्या फाटकासमोर झाला नाही. लंडननेही १९७४च्या कायद्याने शहरभर फूटपाथवरची पार्किंग बंद केली. जिथे गल्ली फारच अरुंद, तिथे पालिकेने पाटी लावून अपवाद केला. अपवाद पाटीने, नियम सर्वांना. आपल्याकडे याच्या बरोबर उलटे होत आले आहे.

आपण प्रयत्न केले नाहीत असे नाही, पण ते टोकापासून सुरू झाले. जुलै २०१९ मध्ये मुंबई पालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावल्यास ५,००० ते २३,००० रुपये दंड जाहीर केला. शंभर रुपयांची सवय झालेल्या शहराला तो सूड वाटला, आणि तो टिकला नाही. त्याआधी मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण आणले; मूळ प्रस्तावात रात्री घराबाहेर रस्त्यावर ठेवलेल्या गाडीलाही शुल्क होते. विरोध इतका झाला की रात्रीचे शुल्क गळाले आणि प्रयोगापुरते पाच रस्ते उरले. खरे तर त्या वगळलेल्या कलमातच धोरणाचा प्राण होता. दिवसा बाजारात अर्धा तास लावलेल्या गाडीने फूटपाथ जात नाही. तो जातो रोज रात्री त्याच जागी परतणाऱ्या गाडीने, कारण तीच जागा हळूहळू मालकीची वाटू लागते. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या दाखल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी होणार नाही असे जाहीर केले, तेव्हा ‘गरिबाने गाडीच घ्यायची नाही का’ हा सवाल पुन्हा आला. या सवालात तथ्य आहे. जुन्या चाळीतल्या माणसाला दाखला मिळणार नाही आणि टॉवरमधल्या माणसाला तीन मिळतील, असे होता कामा नये.

म्हणून दाखल्याआधी मोजणी हवी, आणि ती फूटपाथपासून सुरू व्हायला हवी. गल्लीची रुंदी घ्यावी, त्यातून चालणाऱ्याची पट्टी वजा करावी, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढी वाट वजा करावी, फाटके आणि बसथांबे वजा करावेत. उरेल ती जागा आखून तिथल्या रहिवाशांना परवान्याने द्यावी: ज्या इमारतीला स्वतःची जागा नाही तिला आधी, घराला एकच, दुसऱ्या गाडीला कितीतरी महाग. रिक्षा आणि टेम्पो हे ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी रात्रीच्या जागा वेगळ्या राखाव्यात; शाळांची आणि सरकारी कचेऱ्यांची आवारे संध्याकाळनंतर रिकामीच असतात. दुचाकीला मोटारीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची जागा लागते, तर तिचे शुल्कही त्याच मापाने असावे. चाळीतल्या कुटुंबाची अडचण बरीचशी इथेच सुटते. काही गल्ल्यांत वजाबाकीनंतर काहीच उरणार नाही. तिथे एकही परवाना देता येणार नाही, आणि हे तिथल्या मतदारांना नगरसेवकाने स्वतः सांगावे लागेल.